पार्सर अडकतो, नाहीतर उत्तर चुकतं: ५००० − १२०० − ८०० पासून सुरुवात करा

दूधसंस्थेच्या दहा दिवसांच्या बिलात एक साधी वजाबाकी असते. दुधाचे ५००० रुपये, त्यातून पशुखाद्याचे १२०० वजा, घेतलेल्या उचलीचे ८०० वजा, हातात ३०००. करवीर तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी मी पार्सर, म्हणजे सूत्र वाचून त्याची रचना ओळखणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. सचिवांनी दराचं आणि कपातीचं सूत्र मराठीत टाइप करायचं, प्रोग्रॅमनं त्याप्रमाणे बिल काढायचं. पहिल्याच बिलाला त्यांचा फोन आला, "साहेब, ज्यानं उचल जास्त घेतलीय, त्यालाच पैसं जादा निघायलेत बघा."

उत्तर ४६०० येत होतं. प्रोग्रॅम ५००० मधून (१२०० − ८००) वजा करत होता.

त्यानंतर हाच दोष मी अनेक ठिकाणी दुरुस्त केला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ओतकामाच्या वजनाच्या सूत्रात तो होता, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या कंपायलर प्रोजेक्टमध्ये तर दरवर्षी असतो. प्रत्येक वेळी माणूस पार्सरच्या कोडमध्ये डोकं घालून बसलेला असतो आणि दोष व्याकरणात असतो. व्याकरण दोन वेगळ्या गोष्टी ठरवतं: कुठलं वाक्य चालेल, आणि चाललेल्या वाक्याचं झाड (कुठला भाग कुणाशी आधी जुळतो ते दाखवणारी आकृती) कसं उभं राहील. पहिली गोष्ट अगदी बरोबर असताना दुसरी चुकलेली असू शकते. तेव्हा प्रोग्रॅम कुठलीही तक्रार न करता चुकीचं उत्तर देतो, आणि पैशाच्या कामात हा सगळ्यात वाईट प्रकार.

व्याकरण म्हणजे इथं संदर्भमुक्त व्याकरण. प्रत्येक नियमाच्या डाव्या बाजूला एकच नाव, आणि आजूबाजूला काय आहे ते न बघता त्या जागी उजवी बाजू ठेवता येते. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये भाषांची ही वर्गवारी मांडली. पुढे जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांच्या हातून अल्गोल ६० या भाषेचं वर्णन अशाच नियमांत लिहिलं गेलं. आज आपण नियम ज्या पद्धतीनं लिहितो ती तिथून आली.

लक्षणं

प्रोग्रॅम अडकतो की चुकतो, हे आधी ठरवा. अडकण्याचे तीन प्रकार मला नेहमी दिसतात.

इनपुट एका टोकनाचं (टोकन म्हणजे सूत्राचा सुटा तुकडा: संख्या, नाव किंवा चिन्ह) असलं तरी सुरू होताच कोसळतो. पायथॉनमध्ये रिकर्शनची, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावण्याची, मर्यादा ओलांडल्याचा संदेश येतो (ती मुळात १००० असते), सी-मध्ये थेट सेगमेंटेशन फॉल्ट. हे जवळजवळ नक्की लेफ्ट रिकर्शन, म्हणजे नियमाची सुरुवातच त्याच्या स्वतःच्या नावानं होणं.

साध्या सूत्राला झटकन चालतो, पण कंसात कंस वाढले की प्रत्येक कंसागणिक वेळ कित्येक पट होतो. हे बॅकट्रॅकिंग, म्हणजे एक पर्याय फसला की मागं येऊन दुसरा करून बघणं.

दोनशे ओळींच्या फायलीला चालतो, वीस हजार ओळींना 'मेमरी एक्झॉस्टेड' म्हणून थांबतो. याक किंवा बायसनवर (व्याकरणावरून पार्सर तयार करून देणारी साधनं) बांधलेला पार्सर असेल तर यादीचा नियम उजवीकडून लिहिलेला असतो.

चुकत असेल तर उत्तर स्वतःच दोषाचा पत्ता सांगतं. मी दोन सूत्रं पाठ केलीत: ५००० − १२०० − ८०० आणि १०० − २० × ३. बरोबर उत्तरं ३००० आणि ४०.

४६०० आलं तर वजाबाकी उजवीकडून जुळतेय.
२४० आलं तर गुणाकाराला अग्रक्रम मिळालेला नाही.
मधली जागा न ठेवता ५०००−१२००−८०० लिहिल्यावर नुसतं ५००० आलं तर लेक्सरनं (मजकुराची टोकनं पाडणारा भाग) उणे चिन्ह आकड्याला चिकटवलंय, आणि उरलेलं इनपुट पार्सरनं वाचलंच नाही.

आणखी एक लक्षण मराठी इनपुटचंच आहे: डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन सूत्रं, एक चालतं, दुसरं चालत नाही. तिथूनच तपासणी सुरू करू, कारण ती फुकटची आहे.

टोकन छापून बघा

पार्सरला हात लावायच्या आधी लेक्सरनं काय दिलं ते एकेका ओळीवर छापा. टोकनाचा प्रकार, मजकूर आणि प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते टाळलं, तेव्हा तेव्हा अर्धा दिवस गेला.

मराठीत इथं चार खड्डे आहेत.

पहिला आकड्यांचा. सचिव '३.५' देवनागरीत टाइप करतात. पायथॉनमध्ये 'अंक' दाखवणारा रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरात नमुना शोधायची लिपी) संकेत देवनागरी अंकही धरतो आणि त्यांचं संख्येत रूपांतरही होतं. जावास्क्रिप्टमध्ये तोच संकेत फक्त इंग्रजी अंक ओळखतो. म्हणून सर्व्हरवर चालणारं सूत्र ब्राउझरमध्ये अडतं.

दुसरा मात्रांचा. पायथॉनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' या संकेतात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त बसत नाहीत. 'दूध' हा शब्द 'द' आणि 'ध' असा तुटतो, मधला उकार पडून राहतो. शब्दाचा नमुना लिहिताना देवनागरीचा पट्टा स्वतः द्या.

तिसरा 'ऱ्य'चा. 'शेतकऱ्याचा' यातला ऱ्य दोन रीतींनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. छापल्यावर दोन्ही सारखे. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही, त्यामुळे लेक्सरच्या दारातच एक रूप दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं.

चौथा मी स्वतः ओढवून घेतला होता. मी 'नाहीतर' हा कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द) ठेवला. सचिवांनी 'नाही तर' लिहिलं. लेक्सरनं त्याचे दोन कीवर्ड केले, नकाराचा 'नाही' आणि 'जर'च्या जोडीचा 'तर'. लेक्सर शक्य तितका लांब तुकडा उचलतो, पण मधली जागा ओलांडून नाही. कीवर्ड निवडताना लोक तो किती तऱ्हांनी लिहितात ते आधी बघा.

मोबाइलवरून चिकटवलेलं सूत्र असेल तर वजाबाकीचं चिन्हही तपासा. कीबोर्डवरची छोटी रेघ, छापील डॅश आणि गणिती उणे ही तीन वेगळी अक्षरं आहेत. आणि संख्येच्या नमुन्यात उणे चिन्ह घालू नका. उणे संख्या हे व्याकरणाचं काम आहे, लेक्सरचं नाही.

इनपुट शेवटपर्यंत वाचलं का

आरंभीच्या नियमात 'यानंतर इनपुट संपलं पाहिजे' असं लिहिलंय का बघा. एका ओळीची दुरुस्ती. ती नसेल तर '५००० − १२०० ८००' यातलं वजाचं चिन्ह गळलंय हे कळतच नाही. पार्सर ५००० − १२०० वाचतो, ३८०० देतो आणि समाधानानं परत येतो. हातानं लिहिलेल्या पार्सरमध्ये हा दोष मला सर्वांत जास्त वेळा सापडलाय. तो महत्त्वाचा अशासाठी की त्याच्यामुळे बाकीचे दोष झाकले जातात.

चूक दाखवणारा संदेश येत असेल तर तो कुठल्या टोकनावर येतो तेही बघा. एलएल (झाड वरून खाली बांधणारे) आणि एलआर (खालून वर बांधणारे) कुळातले पार्सर चुकीचं टोकन ओलांडून पुढं जात नाहीत, म्हणजे त्याच्या आधीचा भाग कुठल्या ना कुठल्या बरोबर वाक्याची सुरुवात असतो. बॅकट्रॅकिंग करणारा पार्सर मात्र मागं येऊन पहिल्याच टोकनाला दोष देतो. त्यात सर्वांत लांब पोचलेली जागा टिपून ठेवा आणि तीच दाखवा.

झाड छापा

उत्तर छापू नका, झाड छापा, आणि ते पूर्ण कंस घालून: ((५००० − १२००) − ८००) की (५००० − (१२०० − ८००)). उत्तर कधीकधी योगायोगानं बरोबर येतं. नुसती बेरीज असेल तर दोन्ही झाडांचं उत्तर एकच, म्हणून बेरजेवर केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. वजाबाकी आणि भागाकारावरच चाचणी घ्या.

लेफ्ट रिकर्शन, आणि त्याचा घातक उपाय

इथं थोडं थांबू, कारण बहुतेक लोक इथंच फसतात आणि दुरुस्ती केली असं समजून पुढं जातात.

हिशोबाचं नैसर्गिक व्याकरण असं (| म्हणजे 'किंवा'):

हिशोब → हिशोब + पद | हिशोब − पद | पद
पद → पद × घटक | पद ÷ घटक | घटक
घटक → संख्या | नाव | ( हिशोब )

व्याकरण म्हणून हे उत्तम आहे. वजाबाकी डावीकडून जुळते, गुणाकार खालच्या पायरीवर असल्यामुळं आधी होतो. पण तुम्ही प्रत्येक नियमाचं एक फंक्शन केलंत, म्हणजे रिकर्सिव्ह डिसेंट, तर 'हिशोब' हे फंक्शन एकही टोकन न घेता पहिल्याच ओळीत स्वतःलाच बोलावतं. टोकन तेच, जागा तीच, म्हणून प्रश्नही तोच. स्टॅक (अर्धवट कामं साठवायची मेमरी) भरेपर्यंत हे चालतं. वरून खाली येणाऱ्या कुठल्याही साध्या पद्धतीला हे पचत नाही. १९६८ मध्ये लुइस आणि स्टर्न्स यांनी मांडलेल्या एलएल कुळातही लेफ्ट रिकर्शन असलेलं व्याकरण बसत नाही.

मग पोरं काय करतात? नियम उलटवतात:

हिशोब → पद − हिशोब | पद

अडकणं थांबतं. चालणारी वाक्यंही तीच राहतात. आणि ४६०० येतं. आमच्या दूधसंस्थेचं बिल याच 'दुरुस्ती'नं चुकलं होतं.

पाठ्यपुस्तकातला उपाय थोडा वेगळा आहे:

हिशोब → पद शेपूट
शेपूट → + पद शेपूट | − पद शेपूट | (रिकामं)

हा बरोबर आहे, पण अर्धा. पार्सरनं बांधलेलं झाड अजून उजवीकडेच झुकतं. आतापर्यंतचा डावा भाग 'शेपूट'ला हातात द्यावा लागतो, म्हणजे ते त्याला पुढचं पद जोडत जातं. एवढं लक्षात न ठेवता नुसतं झाडावरून उत्तर काढलं तर पुन्हा ४६००. परीक्षेत नियम बदलून दाखवला की गुण मिळतात, म्हणून हा अर्धा भाग शिकायचा राहून जातो.

मी स्वतः आता सरळ लूप लिहितो:

हिशोब:
  डावं = पद
  जोवर पुढचं टोकन + किंवा − आहे तोवर:
    चिन्ह उचल
    उजवं = पद
    डावं = नवं झाड (चिन्ह, डावं, उजवं)
  डावं परत दे

रिकर्शन गेलं, झाड डावीकडं झुकलं, आणि सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं. हातानं लिहिलेला पार्सर म्हणजे कच्चं काम, असं मानू नका. जीसीसी या कंपायलरनं सी++ साठीचा बायसनचा पार्सर २००४ च्या ३.४ आवृत्तीत काढून हातानं लिहिलेला रिकर्सिव्ह डिसेंट बसवला, आणि २००६ च्या ४.१ मध्ये सी-साठीही तेच केलं.

सगळंच डावीकडून जुळत नाही हेही बघा. घात उजवीकडून जुळतो: २ चा ३ चा २ रा घात म्हणजे २ चा ९ वा, ५१२. डावीकडून घेतला तर ६४. चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात हे आलं की लूप नको, तिथं रिकर्शनच बरोबर.

लेफ्ट रिकर्शन दिसत नाही तरी प्रोग्रॅम कोसळतोय? मग ते लपलंय. एकतर ते दोन नियमांच्या फेऱ्यातून येतं, अ नियमाची सुरुवात ब-नं आणि ब-ची अ-नं. किंवा नियमाच्या सुरुवातीला रिकामं होऊ शकणारं काहीतरी असतं, जसं 'घटक → ऐच्छिकचिन्ह घटक'. चिन्ह नसेल तेव्हा हे 'घटक → घटक' होतं. कागदावर प्रत्येक नियमाचं नाव लिहून, टोकन न घेता तो कुणाकुणाला बोलावू शकतो तिकडं बाण काढा. बाण फिरून मूळ जागी आला की दोष सापडला. अँटलर ४ सारखी साधनं थेट लेफ्ट रिकर्शन स्वतः सांभाळतात, पण फेऱ्यातून आलेलं नाही.

आणि याची उलट बाजू. याक, बायसन ही एलआर कुळातली साधनं खालून वर जातात. त्यांना लेफ्ट रिकर्शन चालतं, उलट तेच हवं असतं. तिथं यादी 'यादी → ओळ यादी' अशी लिहिली तर शेवटची ओळ येईपर्यंत सगळ्या ओळी स्टॅकवर साठतात. बायसनच्या स्टॅकची मूळ कमाल मर्यादा १०,००० आहे, त्यामुळं मोठ्या फायलीवर 'मेमरी एक्झॉस्टेड'. 'यादी → यादी ओळ' असं लिहा, स्टॅक वाढतच नाही. म्हणून कुणी "लेफ्ट रिकर्शन वाईट" एवढंच सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या पार्सरसाठी?

सारखी सुरुवात असलेले पर्याय

दोन पर्याय एकाच टोकननं सुरू होत असतील, जसं 'नाव = हिशोब' आणि 'नाव ( यादी )', तर एक टोकन पुढं बघणारा एलएल-१ पार्सर निवड करू शकत नाही. सारखा भाग बाहेर काढा: नाव आधी वाचा, मग = आहे की कंस ते बघा.

बॅकट्रॅकिंग करणारा पार्सर अशा ठिकाणी अडत नाही, फक्त तेच काम पुन्हा पुन्हा करतो. 'हिशोब → पद + हिशोब | पद − हिशोब | पद' यात नुसती कंसातली एक संख्या आली तरी 'पद' तीनदा वाचलं जातं. 'पद'मध्येही गुणिले-भागिलेचे तसेच तीन पर्याय असतील तर प्रत्येक कंसामागं नऊ पट काम. सहा कंस म्हणजे काम ५,३१,४४१ पट झालं. याचा उपाय सारखा भाग बाहेर काढणं, नाहीतर प्रत्येक जागेवरचा निकाल लक्षात ठेवणं. ब्रायन फोर्ड यांनी २००२ मध्ये पॅकरॅट नावानं हीच पद्धत मांडली. वेळ इनपुटच्या लांबीच्या प्रमाणात येतो, त्याबदल्यात मेमरी जाते.

फोर्ड यांचीच २००४ ची पीईजी पद्धत वापरत असाल (पायथॉनचा स्वतःचा पार्सरही ३.९ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, तसाच आहे) तर पर्यायांचा क्रम तपासा. तिथं पहिला जुळलेला पर्याय अंतिम. 'जर अट तर विधान' हा आखूड पर्याय आधी आणि 'नाहीतर'वाला लांब पर्याय नंतर लिहिला, तर लांब पर्यायाची पाळीच येत नाही. लांब आधी, आखूड नंतर.

कॉन्फ्लिक्टचे इशारे वाचा

इथून पुढचं काम अवघड आहे. तासभर बाजूला काढा.

बायसन 'शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ: इथं पुढचं टोकन उचलावं की हातातलं एका नियमाच्या नावात मिटवावं, दोन्ही शक्य आहे. मग तो स्वतःच ठरवतो आणि उचलतो. 'हिशोब → हिशोब − हिशोब' असं लिहून इशाऱ्याकडं दुर्लक्ष केलं तर ५००० − १२०० पाशी त्याला दुसरं उणे दिसतं, तो ते उचलतो आणि वजाबाकी उजवीकडून जुळते. पुन्हा ४६००! अगदी वेगळ्या साधनात, वेगळ्या कारणानं, तोच आकडा.

सूत्रांसाठी उपाय सोपा आहे. चिन्हांची जुळणी डावी की उजवी हे फायलीच्या वरच्या भागात जाहीर करा. खालच्या ओळीतल्या चिन्हाला जास्त अग्रक्रम, म्हणून + − वर आणि × ÷ खाली. हा क्रम उलटा लागला की २४० येतं. पण ही जाहीर करायची सोय फक्त चिन्हांसाठी वापरा. तिच्यामुळं इशारा गप्प होतो, आणि जिथं गोंधळ खरा आहे तिथंही गप्पच होतो. अपेक्षित कॉन्फ्लिक्टची संख्या लिहून इशारे बंद करायची सोयही आहे. प्रत्येक कॉन्फ्लिक्ट कुठला आणि तो का चालेल हे तुम्हाला तोंडानं सांगता येईपर्यंत ती वापरू नका.

बायसन ३.७ पासून, म्हणजे २०२० पासून, उदाहरण काढून दाखवायचा पर्याय आहे. ज्या वाक्याला दोन झाडं निघतात ते वाक्यच तो समोर ठेवतो. पूर्वी आम्ही अवस्थांचा तक्ता हातानं वाचायचो. आता आधी हा पर्याय चालवा.

'रिड्यूस-रिड्यूस' (हातातलं मिटवायला दोन नियम लागू पडतात) दिसला तर तो अधिक गंभीर. तिथं बायसन फायलीत आधी लिहिलेला नियम घेतो, म्हणजे ओळींची अदलाबदल केली की अर्थ बदलतो. माझ्याकडं 'सभासद → नाव' आणि 'दूधप्रकार → नाव' असे दोन नियम होते. पार्सरला नुसतं नाव बघून दोन्हींत फरक करता येणं शक्यच नव्हतं. दोन्ही एकत्र करून, नाव कशाचं आहे ते नंतर नावांच्या तक्त्यात बघितलं. प्रश्न सुटला.

क्वचित असंही होतं की व्याकरण निर्दोष असतं आणि कॉन्फ्लिक्ट साधनामुळं येतो. डोनाल्ड नूथ यांनी १९६५ मध्ये मांडलेली एलआर पद्धत ताकदवान होती, पण तिचे तक्ते फार मोठे. फ्रँक डीरेमर यांनी १९६९ च्या प्रबंधात सारख्या अवस्था एकत्र करून ते लहान केले. ती एलएएलआर, आणि स्टीफन जॉन्सन यांच्या याकनं तीच वापरली. एकत्र करताना कधीकधी मुळात नसलेला रिड्यूस-रिड्यूस गोंधळ उभा राहतो. बायसनला आयईएलआर किंवा पूर्ण एलआर वापरायला सांगा. कॉन्फ्लिक्ट गेला तर व्याकरणाला दोष नव्हता.

लोंबकळणारं 'नाहीतर'

जर फॅट ≥ ६ तर जर एसएनएफ ≥ ९ तर वाढ २ नाहीतर कपात १

हे म्हशीच्या दुधाचं सूत्र (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). यातलं 'नाहीतर' कुणाचं? आतल्या 'जर'चं असेल तर ६.५ फॅट आणि ८.७ एसएनएफच्या दुधाला कपात बसते आणि ५.५ फॅटच्या दुधाला काहीच होत नाही. बाहेरच्याचं असेल तर बरोबर उलटं. वाचणाऱ्या दोन माणसांत भांडण लागेल असं वाक्य आहे, पार्सरनं तरी काय करावं?

अल्गोल ६० मध्येच हा घोळ सापडला होता. सी-सारख्या भाषांनी ठरवलं की 'नाहीतर' जवळच्या 'जर'ला जोडायचं, आणि बायसनचं उचलणंही तेच करतं. पण ही सवय प्रोग्रॅमरची आहे. सचिवांना ती माहीत असायचं कारण नाही. म्हणून जिथं सूत्र लिहिणारा प्रोग्रॅमर नाही तिथं मी नियम न शिकवता भाषाच बदलतो: प्रत्येक 'जर'चा शेवट 'संपलं' या शब्दानं. अल्गोल ६८ नं 'इफ' उलटा लिहून 'फाय'नं शेवट केला, तोच मार्ग. सचिवांना हे दोन मिनिटांत पटलं. त्यांच्या रजिस्टरमध्येही प्रत्येक नोंदीखाली रेघ असतेच.

पद्धत बदलायची का

वरचं सगळं करून व्याकरण बसत नसेल तर कुठलंही संदर्भमुक्त व्याकरण पचवणाऱ्या पद्धती आहेत. कॉक, यंगर, कासामी यांची सीवायके पद्धत आणि जे अर्ली यांची १९७० मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत. सीवायकेला व्याकरण आधी चॉम्स्कीच्या ठरावीक रूपात आणावं लागतं, अर्लीला तसंच चालतं. दोन्हींत वाईटात वाईट वेळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात जातो. व्याकरण संदिग्ध नसेल तर अर्ली लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात भागवते आणि नेहमीच्या बऱ्याच व्याकरणांना सरळ प्रमाणात. पायथॉनचं लार्क हे साधन मुळात अर्लीच वापरतं. बायसनमध्ये जीएलआरची सोय आहे, ती संदिग्ध जागी दोन्ही वाटांनी चालते.

यानं दोष मिटत नाही, दिसतो. हा त्यांचा माझ्या दृष्टीनं खरा उपयोग. संशयित व्याकरण लार्कमध्ये घालून चार संख्यांची वजाबाकी द्या आणि सगळी झाडं मागा. 'हिशोब → हिशोब − हिशोब' असेल तर पाच झाडं येतील. दहा संख्यांना ४८६२. एकापेक्षा जास्त झाड आलं की व्याकरण संदिग्ध, पुन्हा मागं जाऊन ते दुरुस्त करा. अर्लीवर सोपवून झाडं मुकाट निवडू दिली तर गोंधळ तसाच राहतो, फक्त इशारे यायचे थांबतात.

कुठं थांबायचं

व्याकरण संदिग्ध नाही याची खात्री हवी असेल आणि ते एलआर किंवा एलएलमध्ये बसत नसेल, तर थांबा. कुठलंही संदर्भमुक्त व्याकरण घेऊन ते संदिग्ध आहे का याचं नेहमी अचूक उत्तर देईल असा अल्गोरिदम असूच शकत नाही, हे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सिद्ध झालंय. तुमच्या मेहनतीनं ते बदलणार नाही.

नियमात 'हे नाव आधी जाहीर झालेलं असलं तर' अशी अट यायला लागली तर थांबा. ती अट संदर्भमुक्त व्याकरणाच्या आवाक्यातली नाही. ती नंतरच्या तपासणीत जाते. पार्सर आणि लेक्सर यांना एकमेकांत बोलायला लावायची वेळ आली (सी-मध्ये एखादं नाव प्रकाराचं आहे की चलाचं, हे असंच ठरवावं लागतं) तर जाणत्या माणसाला बोलवा.

एक कॉन्फ्लिक्ट मिटवला की दोन नवे उगवतात असं तीनदा झालं, तर थांबा. व्याकरण नव्यानं लिहायची वेळ आलेली असते आणि ते अनुभवी हातानं लिहिलेलं बरं.

बाहेरच्या कुणीही पाठवलेलं इनपुट तुमचा पार्सर वाचत असेल, किंवा त्याच्या उत्तरावर लोकांचे पैसे जात असतील, तर चालू करायच्या आधी दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. हजार कंस पाठवून कुणी सर्व्हर पाडू शकतो का, हे तुमच्या लक्षात येईलच असं नाही. त्या दूधसंस्थेचं जुनं बिल मी एकट्यानं तपासलं होतं. फरकाची वसुली पुढच्या तीन बिलांतून करावी लागली, आणि प्रत्येक सभासदाला सचिवांनी समजावून सांगितलं.

कोल्हापुरात विचारायला माणसं आहेत. विद्यापीठात आणि इंजिनिअरिंग कॉलेजांत कंपायलर शिकवणारे प्राध्यापक आहेत, गावातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत अशी साधनं बनवलेले लोक आहेत. जाताना पूर्ण प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन जाऊ नका. एका कागदावर नुसते नियम, दोष दाखवणारं लहानात लहान सूत्र (मोठ्यातून एकेक टोकन काढत जा, दोष जाईपर्यंत), त्याचं मिळालेलं झाड, आणि शेजारी तुम्हाला हवं असलेलं झाड हातानं काढलेलं. शेवटचं झाड काढता येत नसेल, तर आधी ज्याचं सूत्र आहे त्या माणसाला जाऊन विचारा. आमच्या सचिवांनी ते बिलाच्या पाठीमागं पेन्सिलनं काढून दिलं होतं.